कोरियनसाठी ध्येयवही: आठ महिन्यांनंतर

वहीच्या पहिल्या पानावर मी ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'सहा महिन्यांत फाडफाड कोरियन.' आता ते पान उघडलं की हसू येतं. फाडफाड म्हणजे किती, कोणाशी, कशावर? काहीच ठरवलं नव्हतं, त्यामुळे रोज थोडं अपराधी वाटण्यापलीकडे त्या ओळीचा उपयोग शून्य.

मग आकड्यांच्या मागे लागले. रोज 20 शब्द. शिवाय एका अ‍ॅपवर रोजची हजेरी, तीही 90 दिवस न चुकता. टोपिक-1 (कोरियन भाषेच्या प्रमाण परीक्षेचा सोपा टप्पा) चे सराव पेपरही सोडवले. 200 पैकी 140 गुण मिळाले की दुसरी पातळी मिळते, आणि मला 152 पडले! पण त्या पेपरात फक्त ऐकणं आणि वाचणं असतं, तोंड उघडावंच लागत नाही. (बोलण्याची टोपिक परीक्षा वेगळी आहे, 2022 पासूनची.) त्याच आठवड्यात माझ्याशी बोलण्याचा सराव करणाऱ्या कोरियन जोडीदारीणबाईंनी ऑनलाइन भेटीची वेळ विचारली. साडेतीन सांगायचे होते. मी बेधडक 'साम शी' म्हणाले. तास सांगताना अस्सल कोरियन आकडे, मिनिटं सांगताना चिनी वळणाचे, म्हणजे 'से शी साम्शिप पुन', हा नियम मला पाठ होता. कागदावर कधीच चुकला नसता. बाई हसल्या नाहीत, क्षणभर थांबल्या, आणि ते थांबणं जास्त लागलं.

तिसऱ्या महिन्यापासून वहीत फक्त तोंडाने करायच्या गोष्टी लिहायला लागले. 'काल काय केलं ते एक मिनिट, न बघता, रेकॉर्ड करून.' पहिलं रेकॉर्डिंग अजून जपून ठेवलंय. त्यात निम्मा वेळ नुसतं 'अं… अं…' आहे, आणि एकदा चक्क 'म्हणजे'. दर रविवारी आधीचं ऐकायचं आणि पुढच्या आठवड्यासाठी एकच दोष निवडायचा. एकच, दोन नाहीत. दोन घेतले की दोन्ही राहतात, हे तीनदा झालंय.

या पद्धतीने सगळ्यात जास्त काय दिलं, तर मराठीचा आधार वापरायची सवय. 'खाऊन बघ' हे कोरियनमध्ये जवळपास तसंच उभं राहतं: 'मॉगॉ बोदा', खाणं अधिक बघणं. 'खाऊन टाकलं' मधलं टाकणंही त्यांच्याकडे आहे, 'मॉगॉ बॉरिदा'. हे लक्षात आल्यावर एका आठवड्याचं ध्येय होतं, दिवसभरात दहा वेळा '…ऊन बघ' कोरियनमध्ये म्हणायचं, भिंतीला का होईना. क्रियापद शेवटी येणं, नामाला प्रत्यय लागणं, हे तर आपल्याला घरचंच. इंग्रजीतून शिकत होते तेव्हा हे सगळं उगाच उलटंपालटं वाटायचं.

उच्चारात मात्र मराठी अर्धीच कामाला येते. 'थाल' म्हणजे मुखवटा, 'त्ताल' म्हणजे मुलगी. आपल्या थ आणि त मुळे हे दोन सुटतात. पण चंद्राचा शब्द या दोघांच्या मधे कुठेतरी बसतो, आणि शब्दाच्या सुरुवातीला तो मला अजूनही थ सारखाच ऐकू येतो. दोन महिने हेच ध्येय ठेवलं, प्रगती किरकोळ. शेवटी वहीतून काढून टाकलं. संदर्भाने कळतं, लोकही समजून घेतात.

तक्रार म्हणाल तर, ही वही कंटाळवाणी आहे. अ‍ॅपसारखी शाबासकी देत नाही. मधले तीन आठवडे कोरे आहेत, तापाचं निमित्त होतं, पण ताप पाचच दिवस होता. आणि नुकतीच अक्षरओळख करणाऱ्याला याची गरज नाही. 14 मूळ व्यंजनं आणि 10 मूळ स्वर, ते आधी सरळ गिरवून घ्यावेत.

आता अडखळत का होईना, चार-पाच मिनिटं बोलणं चालतं. या आठवड्याच्या पानावर एकच ओळ आहे: 'व्हिडिओ बंद, नुसत्या आवाजावर दहा मिनिटं.' ती मी दोनदा पुढे ढकलली आहे.