कौलारू घराचा माळा राहता करून घेताना: ठेकेदाराच्या कामाविषयी

राजापूर तालुक्यातील आमच्या जांभ्या दगडाच्या जुन्या घराचा माळा राहण्याजोगा करण्याचे काम आम्ही एका स्थानिक ठेकेदाराला दिले होते. फळ्यांचा विषय काढण्याआधी त्यांनी सुताराकडून प्रत्येक तुळई ठोकून तपासून घेतली, हे मला सर्वांत आवडले. कारण माळ्याने वर्षानुवर्षे नारळांचा ढीग पेलला, म्हणून तो पलंग, कपाट आणि माणसांचा रोजचा वावर पेलेलच असे नाही. भिंतीत रुतलेली काही टोके वाळवीने पोखरलेली निघाली. ती कापून तेथे सागाचे जोड दिले. मंगलोरी कौलांखाली लाकडी छत करताना मधली पोकळी मोकळी ठेवून वळचणीशी व आढ्याशी जाळ्या बसवल्याने गरम हवा वरून निघून जाते, तरीही एप्रिलच्या दुपारी पंख्याशिवाय तेथे बसवत नाही. काचेची कौले मोजकीच घातली, हे उत्तम. उजेडाबरोबर ऊनही आत येतेच. जिना मात्र फारच उभा झाला आहे आणि वयस्कर माणसांना तो झेपत नाही. दरपत्रकात तुळयांच्या दुरुस्तीचा खर्च वेगळा दाखवला नव्हता. तो आधीच लिहून घ्यावा.