४ की ८, साइपाय की ओपनसीव्ही? बायनरी चित्रातल्या तुकड्यांचा आकडा जुळत नसेल तर

बायनरी, म्हणजे फक्त ० आणि १ च्या चित्रात एकमेकांना जोडलेल्या १ च्या पिक्सेलांचा प्रत्येक तुकडा ओळखून त्याला क्रमांक देणं म्हणजे लेबलिंग. त्याचा आकडा अनपेक्षित आला की बहुतेक जण लगेच थ्रेशोल्ड (कोणती किंमत १ धरायची ती मर्यादा) खालीवर करू लागतात. त्याआधी हे ३×३ चित्र आपल्या लायब्ररीला (लेबलिंगचा तयार कोड देणाऱ्या संचाला) देऊन पाहा:

१ ० ०
० १ ०
० ० १

मॅटलॅबचं बीडब्ल्यूलेबल १ तुकडा सांगतं, स्कायकिट-इमेजचं लेबलही १. साइपायच्या एनडीइमेजमधलं लेबल ३ सांगतं. ओपनसीव्हीचं कनेक्टेडकंपोनंट्स २ परत देतं. यात बग कुठेच नाही. मॅटलॅब आणि स्कायकिट-इमेज काहीच सांगितलं नाही तर ८ शेजारी धरतात, म्हणजे कोपऱ्याला टेकलेला पिक्सेलही जोडलेला. साइपायचा डीफॉल्ट ४ शेजाऱ्यांचा आहे, फक्त वर-खाली आणि डावी-उजवीकडे. ओपनसीव्हीही ८ च धरतं, पण परत मिळणाऱ्या संख्येत बॅकग्राउंडचं शून्य क्रमांकाचं लेबल मोजलेलं असतं. तिथे नेहमी एक वजा करायचा, आणि क्षेत्रफळांच्या तक्त्यातली पहिली ओळ सोडून द्यायची. सगळ्यात मोठा तुकडा शोधताना ही ओळ सोडायची राहून गेली, तर बहुतेक वेळा बॅकग्राउंडच 'सर्वात मोठी वस्तू' ठरतं.

४ की ८

हे लायब्ररीवर सोडू नका, चित्रात काय आहे ते बघून ठरवा. भेगा, रक्तवाहिन्या, हस्ताक्षर, स्केलेटन (आकाराची बारीक मध्यरेषा) यांत रेषा एक-दोन पिक्सेल जाडीच्या असतात आणि तिरक्या जातात. तिथे ८ च हवं, नाहीतर एका रेषेचे डझनभर तुकडे होतात. दाणे किंवा पेशी दाटीने बसल्या असतील आणि कोपऱ्याला कोपरा लागणं हा निव्वळ योगायोग असेल, तर ४ बरं. पण वस्तू कडेने चिकटल्या असतील तर ४ केल्यानं काहीही सुटत नाही. त्याला डिस्टन्स ट्रान्सफॉर्म (प्रत्येक पिक्सेलचं बॅकग्राउंडपासूनचं अंतर), त्यातली शिखरं आणि त्या शिखरांपासून वस्तू वेगळ्या करणारं वॉटरशेड असाच रस्ता आहे.

निर्णय होत नसेल तर दोन्ही चालवा आणि फरक बघा. ४ ने ४१२ आणि ८ ने ४०५ आले, तर फक्त कोपऱ्याने जुळलेल्या जागा मोजक्याच आहेत, त्या डोळ्यांनी तपासता येतात. ४ ने हजारो आणि ८ ने शेकडो आले, तर मास्कमध्ये (वस्तू कुठे आहे ते दाखवणाऱ्या बायनरी चित्रात) एकतर बारीक तिरक्या रेषा आहेत किंवा मिठासारखा पसरलेला नॉइज.

छिद्रं मोजताना नियम उलटा. वस्तूला ८ लावलं असेल तर बॅकग्राउंडला ४ लावायचं, वस्तूला ४ तर बॅकग्राउंडला ८. एका रिकाम्या पिक्सेलच्या चारही बाजूंना एकेक भरलेला पिक्सेल ठेवा: ८ ने ते एक अखंड कडं होतं. आता मास्क उलटा करून पुन्हा ८ नेच लेबल केलं, तर आतली जागा कोपऱ्यांतून बाहेर झिरपते आणि छिद्र शून्य येतं. ४ ने केलं तर ते एक छिद्र बरोबर सापडतं.

लायब्ररी कोणती

इथे कनेक्टिव्हिटीइतकाच (४ की ८ शेजारी, याइतकाच) महत्त्वाचा फरक आहे, आणि तो सहसा नजरेतून सुटतो. साइपाय, ओपनसीव्ही आणि मॅटलॅब शून्य नसलेला प्रत्येक पिक्सेल वस्तूचा धरतात. स्कायकिट-इमेज मात्र *सारख्या किमतीचे* शेजारी जोडतं. पांढऱ्या गोलाची कड अँटी-एलियसिंगमुळे (कडा मऊ करण्यामुळे) १२८ झाली असेल, तर तिथे आतला २५५ चा गोल एक तुकडा आणि १२८ ची कड दुसरा. वर्गांचा नकाशा (प्रत्येक पिक्सेलला वर्गाचा क्रमांक दिलेलं चित्र) लेबल करायचा असेल तर हे वरदान आहे, कच्च्या मास्कवर मात्र डोकेदुखी.

म्हणून मास्क जेपीईजीमध्ये साठवू नका. त्यातून २, ७, २४९ अशा किमती येतात: स्कायकिट-इमेज त्यांचे शेकडो तुकडे करतं आणि बाकीचे तिघे काठाभोवतीची धूसर झालरही वस्तूत घेतात. पीएनजी वापरा, आकार बदलताना निअरेस्ट नेबर इंटरपोलेशन (जवळच्या पिक्सेलचीच किंमत उचलणारी पद्धत) ठेवा, आणि लेबल करण्याच्या लगेच आधी '१२७ पेक्षा मोठं' अशी तुलना करून मास्क पुन्हा बायनरी करा. ओपनसीव्हीला तो ८-बिट, एका चॅनेलचा लागतो.

तीन चॅनेलचं चित्र दिलं तर ओपनसीव्ही सरळ एरर देतं, आणि ते चांगलंच आहे. साइपाय आणि स्कायकिट-इमेज त्याला त्रिमितीय समजून गुपचूप पुढे जातात. तिन्ही चॅनेल सारखे असतील तर तुकड्यांची संख्या बरोबर येते, पण लेबलवरून पिक्सेल मोजले की प्रत्येक क्षेत्रफळ तिप्पट. आकडे बरोबर तिप्पट दिसले की आधी ॲरेचा (चित्राच्या आकड्यांच्या तक्त्याचा) शेप, म्हणजे मापं, छापा.

स्कायकिट-इमेजमध्ये आणखी एक विसंगती जपावी लागते. लेबलचा डीफॉल्ट ८, पण बारीक तुकडे काढणाऱ्या रिमूव्ह-स्मॉल-ऑब्जेक्ट्सचा ४. त्याला बूलियन (खरं-खोटं अशा दोनच किमतींचा) मास्क दिला की एक पिक्सेलची तिरकी रेषा सुट्या पिक्सेलांत मोडते आणि लेबलपर्यंत पोचण्याआधीच गायब होते. दोन्हीकडे कनेक्टिव्हिटी २ (म्हणजे द्विमितीय चित्रात ८ शेजारी) स्पष्ट लिहा.

माझी निवड: मोठी चित्रं, व्हिडिओ आणि जोडीला क्षेत्रफळ-चौकट-केंद्र हवं असेल तर ओपनसीव्हीचं विथ-स्टॅट्स रूप. पुढे आकारांची सविस्तर मापं काढायची असतील तर स्कायकिट-इमेज, कारण त्याचं रीजनप्रॉप्स (प्रत्येक तुकड्याची मापं देणारं फंक्शन) समृद्ध आहे. त्रिमितीय स्कॅन आणि स्वतःचा शेजार ठरवायचा असेल तर साइपाय: ३×३×३ च्या स्ट्रक्चरमधले (कोणते शेजारी धरायचे ते सांगणाऱ्या ॲरेतले) वरचे-खालचे थर शून्य ठेवले की प्रत्येक स्लाइस वेगळी लेबल होते. सगळीकडे एकच गोष्ट पाळा, लेबलचा ॲरे ८-बिटमध्ये बदलू नका. २५६ वं लेबल शून्य होऊन बॅकग्राउंडमध्ये मिसळतं, २५७ वं पहिल्यात.

स्वतः लिहिलेला दोन-फेऱ्यांचा अल्गोरिदम (पहिल्या फेरीत तात्पुरती लेबलं देऊन दुसरीत ती एकत्र करणारा) शक्यतो टाळावा. लिहायचाच असेल तर त्याला इंग्रजी यू आणि डब्ल्यूच्या आकाराचे मास्क द्या. यूमध्ये दोन हातांना आधी वेगळी लेबलं मिळतात आणि तळाशी ती एकच असल्याचं कळतं. तिथे २ आले तर समतुल्यता (दोन लेबलं एकाच तुकड्याची आहेत ही गोष्ट) नोंदलीच जात नाहीये. यू जमून डब्ल्यू चुकला, तर नोंद होते पण साखळीच्या मुळापर्यंत जात नाही.