पेडलखालची थरथर: डेटन ऑडिओचे दोन छोटे बास शेकर

घरच्या कार-रेसिंग सिम्युलेटरचे स्टीअरिंग कितीही चांगले असले तरी ते मुख्यतः पुढच्या चाकांचीच खबर देते, आणि जोरात ब्रेक मारताना चाक नेमके कोणत्या क्षणी जाम झाले हे ओळखण्यासाठी मला आजवर हेडफोनमधल्या टायरच्या आवाजावर विसंबावे लागत होते. ही उणीव कमी खर्चात भरून काढावी म्हणून मी डेटन ऑडिओचे टीटी२५-८ हे दोन बास शेकर घेतले.

बास शेकर हा एका अर्थाने पडदा नसलेला स्पीकर असतो. तो हवा हलवण्याऐवजी ज्या वस्तूवर स्क्रूने आवळला असेल ती वस्तूच हलवतो. टीटी२५-८ सलग १५ वॉटपर्यंत शक्ती पेलतो आणि ४० हर्ट्झच्या आसपास त्याचा जोर सर्वाधिक असतो. त्याला चालवण्यासाठी टीपीए३११६ चिपचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर, जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आणि एक साधे यूएसबी साउंड कार्ड एवढे साहित्य पुरले. हा अ‍ॅम्प्लिफायर शेकरच्या क्षमतेपेक्षा बराच ताकदवान असल्यामुळे त्याचा नॉब अर्ध्याच्याही खाली ठेवावा लागतो. मी पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात तो पुढे सरकवला, तेव्हा शेकर थरथरण्याऐवजी डबीत खिळे भरल्यासारखा खडखडू लागला.

खेळाचा आवाज जसाच्या तसा शेकरला दिला तर इंजिनाची घरघर बाकी सगळे गिळून टाकते. सिमहब हे सॉफ्टवेअर मात्र खेळाकडून गाडीची माहिती घेऊन चाक जाम होणे, घसरणे, गिअर बदलणे अशा प्रत्येक घटनेसाठी वेगळा कंप तयार करते, आणि त्याची वारंवारता व तीव्रता आपल्याला ठरवता येते. मी डावा चॅनल पेडलला आणि उजवा सीटला दिला आहे.

खरी मेहनत जोडणीत गेली. सीट आणि पेडल ज्यावर बसवले आहेत तो माझा सांगाडा लोखंडी चौकोनी पाइपचा असल्याने पेडलचा कंप सीटपर्यंत आणि सीटचा पेडलपर्यंत पोहोचत होता आणि दोन्हींची सरमिसळ होत होती. पेडलच्या पट्टीखाली रबर घालूनही फरक पडेना, कारण तिला आवळणारा बोल्ट कंप थेट सांगाड्यात उतरवत होता. बोल्टच्या डोक्याखालीही रबरी वॉशर घातल्यावर दोन्ही कंप वेगळे कळू लागले. सीटचा शेकर फोमवर न लावता खालच्या पत्र्यावरच आवळावा, नाहीतर फोम सगळा कंप शोषून घेतो.

असेटो कोर्सा या रेसिंग खेळात एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली गाडी घेऊन इटलीतल्या मोन्झा ट्रॅकच्या पहिल्या शिकेनला, म्हणजे नागमोडी वळणाला, ब्रेक मारताना हा खर्च सार्थकी लागल्याचे जाणवते. चाक जाम होताच तळपायाखाली बारीक थरथर उठते आणि आवाजाचा अर्थ लावण्याआधीच पाय किंचित सैल होतो. सीटमधून येणारे कर्बचे (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यांचे) धक्के आणि गिअरचे ठोके सुखद आहेत, पण त्यांनी माझी फेरीची वेळ सुधारली असे म्हणणे धाडसाचे होईल; शिवाय मोठ्या आणि महागड्या शेकरसारखा अंग हलवणारा दणका या छोट्या चकतीकडून अपेक्षू नये. एकाच शेकरपुरते पैसे असतील, तर तो पेडललाच लावावा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी सांगाड्याच्या पायांखालीही जाड रबर घालावे. ते घालण्यापूर्वी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात थांबवून, "रात्रीची गिरणी चालवतोस का रे?" असे विचारले होते. आता दहानंतर मी सीटचा चॅनल बंद ठेवतो. पेडलचा चालूच असतो.