घरपोच भाडेकरार सेवा, बदलापूर पश्चिम

हेंद्रेपाड्यातला आमचा तळमजल्याचा फ्लॅट भाड्याने देताना घरी येऊन करार नोंदवून देणाऱ्या एजंटला बोलावलं. सांगितलेल्या वेळेपेक्षा दीड तास उशिरा आले, पण काम मन लावून केलं.

भाडेकरू बाई धुणीभांडी करतात, त्यांच्या अंगठ्याचा ठसा मशीन घेईना. एजंटने ओल्या रुमालाने अंगठा पुसला, पुन्हा लावला, शेवटी पाचव्यांदा उमटला. तोवर एकदाही वैतागले नाहीत. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, नोंदणी फी १००० रुपये, स्वतःची मजुरी वेगळी. सगळ्याचा हिशेब आधीच दिला.

मला खरी गरज होती ती पुराच्या कलमाची. २०१९ च्या जुलैत उल्हास नदीचं पाणी स्विचबोर्डपर्यंत आलं होतं. कपाटामागे ती तपकिरी रेघ अजून आहे, ती मी बाईंना आधीच दाखवली. छापील मसुद्यात पुराबद्दल अवाक्षर नव्हतं. सांगितल्यावर एजंटने लगेच घातलं: पाणी शिरलं तर घर राहण्याजोगं होईपर्यंत भाडं नाही, वायरिंग-रंग मालकाकडे.

तोंडी व्यवहार करू नका. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाचीच, आणि नोंदणी नसेल तर वादात भाडेकरूचं म्हणणं आधी ग्राह्य धरतात.

एक राहिलं. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायची असते हे एजंटने सांगायला हवं होतं, मला शेजारच्या काकूंकडून कळलं. म्हणून पाचपैकी चार. पुढच्या ११ महिन्यांनीही यांनाच बोलावणार.