देव आहे का? – बेळगावच्या टिळकवाडीतल्या रविवारच्या अभ्यासवर्गाचा रिव्ह्यू

सहा रविवार, दोन-दोन तास, चर्चा मराठीत. खानापूरहून येणाऱ्यालाही सकाळची वेळ सोयीची.

वर्गाची खरी कमाई म्हणजे तिसऱ्या रविवारचा गणिताचा कागद. देव असण्याची शक्यता किती टक्के, हा स्वतःचा अंदाज आधी लिहायचा. मग एकच पुरावा घ्यायचा, समजा विश्वातली सुव्यवस्था. देव असेल तर ती दिसण्याची शक्यता ०.६ आणि नसेल तर ०.३ धरायची. आधीचा अंदाज ५० टक्के असेल तर या पुराव्यानंतर तो ६७ होतो, १० असेल तर जेमतेम १८. पुरावा तोच, तरी आस्तिक आणि नास्तिक दोघंही तर्कशुद्ध राहू शकतात, हे कागदावरच दिसतं. चूक बहुतेकांची एकाच जागी होते: तीच सुव्यवस्था दोन नावांनी दोनदा मोजतात आणि आकडा फुगतो.

पास्कलची पैज (देव असला तर लाभ अनंत, म्हणून विश्वास ठेवणंच फायद्याचं, हा युक्तिवाद) मात्र घाईत उरकली आहे. अनंत लाभ एकदा हिशेबात धरला की कुठल्याही देवाच्या बाजूने तोच हिशेब मांडता येतो, हा मुख्य आक्षेप राहूनच जातो. अज्ञेयवाद, म्हणजे देव आहे की नाही हे माहीत नाही अशी भूमिका, हीसुद्धा '५०-५०' म्हणून शिकवतात. हे चूक. इंग्रज जीवशास्त्रज्ञ हक्सलेने १८६९ मध्ये त्यासाठीचा 'अ‍ॅग्नॉस्टिक' हा शब्द काढला तो पुराव्याशिवाय ठाम दावा करू नये यासाठी, आकडा सांगायला नव्हे.

आणि बेळगावात बसून जैन विचार वगळणं खटकतं. किल्ल्यातलं कमल बस्ती हे जैन मंदिर पंधरा मिनिटांवर आहे. पूजा आहे, तीर्थंकर आहेत, पण जगाचा कर्ता मानलेला नाही! वर्गातल्या 'आस्तिक, नास्तिक, अनिश्चित' या तीन रकान्यांत हे कुठे बसवणार? चौथा रकाना हवाच.

तरी पाचपैकी चार.