ऑक्सकॅल: बेळगाव भागातल्या कार्बन तारखांना कितपत उपयोगी?

कोळशाच्या कार्बन तपासणीनंतर प्रयोगशाळेकडून '२४५० ± ३० बीपी' असा आकडा आला, तर तो तसाच अहवालात घालून भागत नाही. बीपी म्हणजे १९५० पासून मागे मोजलेली कार्बन-वर्षं. कॅलिब्रेट केल्यावर, म्हणजे त्यांची कॅलेंडरची वर्षं केल्यावर, हाच आकडा इ.स.पू. सुमारे ७५० ते ४१० असा ऐसपैस पसरतो, कारण त्या काळात कॅलिब्रेशनची वक्ररेषा जवळपास सपाट आहे. बेळगावच्या वडगाव-माधवपूरसारख्या सातवाहनकालीन वसाहतीच्या आधी काय होतं, हे शोधणाऱ्याची गाडी नेमकी इथे अडते.

ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर ब्रॉन्क रॅमसे यांचं ऑक्सकॅल हे सॉफ्टवेअर ही कोंडी बरीचशी फोडतं. कुठला थर आधीचा, कुठला नंतरचा हे सांगितलं, की बेझच्या (आधीची माहिती धरून शक्यता मोजण्याच्या) पद्धतीने ते तारखांचे पल्ले आवळतं. फुकट आहे, नोंदणी करून ब्राउझरमध्येच चालतं, इंटकॅल२० ही कॅलिब्रेशनची वक्ररेषाही आतच मिळते.

वापरताना पहिली चूक होते ती क्रमाची. ट्रेंचच्या वहीत थर वरून मोजतात, १ नंबर सगळ्यात वरचा. ऑक्सकॅलच्या 'सिक्वेन्स'मध्ये (थरांचा क्रम सांगणाऱ्या आज्ञेत) मात्र सगळ्यात जुना, म्हणजे तळचा थर आधी लिहायचा. वहीबरहुकूम उतरवलं तर मॉडेल उलटं होतं आणि अ‍ॅग्रीमेंट इंडेक्स (तारखा मॉडेलशी किती जुळतात तो आकडा) कोसळतो. तो ६० टक्क्यांच्या खाली गेला, की आधी क्रम तपासा. सुरुवातीला आणि शेवटी 'बाउंडरी' (टप्प्याची सीमा दाखवणारी आज्ञा) घालायला विसरू नका. नाहीतर वसाहत होती त्यापेक्षा जास्त काळ टिकलेली दिसते.

दुसरी अडचण आपल्या मातीची आहे. मलप्रभेकाठच्या काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात, वरचा कोळसा त्यातून खाली घसरतो आणि पावसात भेग मिटते. असा तुकडा ऑक्सकॅलला ओळखू येणार नाही; सेक्शनवर, म्हणजे खड्ड्याच्या उभ्या भिंतीवर, भेगेची रेघ दिसते का, हे आपणच पाहायचं. जाड खोडाच्या गाभ्यातला कोळसा मात्र थरापेक्षा जुनी तारीख देतो. त्यासाठी 'चारकोल' नावाचं आउटलायर (न जुळणाऱ्या तारखा हाताळणारं) मॉडेल आहे आणि ते चांगलं काम करतं. तरी जळका कुळीथ किंवा भाताचा दाणा मिळाला तर पैसे त्याच्यावरच खर्च करा. दाणा एकाच हंगामाचा असतो.

विद्यार्थ्यांनी हे जरूर शिकावं. फक्त अडचणीची तारीख गुपचूप गाळून इंडेक्स वर आणू नये. तारीख गाळली तर कारण लिहावं, आणि मॉडेलचा कोड अहवालाला जोडावा.