मान, चक्कर आणि धडधड : कोथरूडमधील एका फिजिओथेरपी केंद्राचा अनुभव

डोके हलके होणे, चालताना तोल गेल्यासारखे वाटणे, छातीत धडधड आणि श्वास अपुरा पडणे या माझ्या तक्रारी होत्या. ईसीजी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडच्या तपासण्या ठीक आल्या आणि चिंतेच्या विकारावर मानसोपचार सुरू झाले. परंतु संगणकासमोर बराच वेळ बसून मान आखडली की चक्कर हमखास वाढत असे, म्हणून फॅमिली डॉक्टरांनी मला या केंद्रात पाठवले.

पहिल्या भेटीत मानेला हात लावण्यापूर्वी फिजिओथेरपिस्ट मॅडमनी सगळे रिपोर्ट पाहिले आणि दुहेरी दिसणे, बोलताना जीभ जड होणे, हातापायांतील शक्ती कमी होणे यांपैकी काही होते का, हे नीट विचारून घेतले. मान वळवण्याची जवळपास निम्मी क्रिया वरच्या दोन मणक्यांमध्ये होते, आणि कवटीखालचे छोटे स्नायू डोक्याच्या स्थितीची माहिती मेंदूला सतत पुरवत असतात. ती माहिती डोळे आणि अंतर्कर्णाकडून येणाऱ्या माहितीशी जुळली नाही, तर अस्थिर वाटू शकते आणि त्या भीतीने धडधड वाढू शकते. उलट, चिंतेमुळे श्वास वरवरचा होऊ लागला की त्या कामाला मानेचे स्नायूही जुंपले जातात आणि आखडतात. एवढे समजावूनही ‘तुमचे सगळे मानेमुळेच आहे’ असे त्या म्हणाल्या नाहीत. मानेमुळे येणारी चक्कर सिद्ध करणारी एकच अशी चाचणी नाही, इतर कारणे वगळूनच तिथे पोहोचावे लागते, हे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि या सचोटीमुळेच मला या केंद्राविषयी विश्वास वाटला.

तपासणीची पद्धत विशेष आवडली. डोक्याला पट्ट्याने छोटा लेझर बांधून मला भिंतीपासून 90 सेंटीमीटर अंतरावर बसवले. डोळे मिटून मान वळवायची आणि पुन्हा मध्यावर आणायची. डोळे उघडले तेव्हा लाल ठिपका भिंतीवरील वर्तुळाच्या मध्यापासून चांगलाच उजवीकडे होता, आणि मला मात्र मान सरळच आहे अशी खात्री होती. व्यायामही मोजून होते : उताणे झोपून मानेखाली हवेची पिशवी, तिच्या दाबमापकाचा काटा 20 वर, आणि हनुवटी किंचित आत घेत तो 22, मग 24 असा चढवून स्थिर धरायचा. त्यात जोर लावून चालत नाही. गळ्याचे वरवरचे, त्वचेलगतचे स्नायू ताठ झाले की मॅडम लगेच थांबवतात.

मान कडकन मोडण्याचा प्रकार येथे केला जात नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या मानेच्या मणक्यांतून वर जातात आणि अशा झटक्याने क्वचित का होईना, त्यांना इजा होऊ शकते.

चक्कर आता बरीच कमी आहे आणि मान दोन्हीकडे मोकळी वळते. रात्रीची धडधड अधूनमधून होते. त्यासाठी मानसोपचार सुरूच आहेत आणि ते बंद करू नका, असे केंद्रातूनच बजावले गेले.

दोन उणिवा मात्र आहेत. केंद्र दुसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही, चक्कर येणाऱ्या रुग्णांसाठी ही मोठीच अडचण आहे. आणि घरी करायचे व्यायाम तोंडी सांगितले जातात, ते आकृत्यांसह छापून द्यायला हवेत.